ताईच्या दारातली झाडं

आधीच सांगून टाकते मित्रांनो, मी आंधळी आहे. जन्मापासून. आणि माझा धंदा काय, तर चित्रं काढणं! हसा, खुशाल हसा. मी रागावणार नाही, आणि रागावले तरी तुम्हाला कुठे कळणार आहे?

मी एक जुनी चित्रपाटी. काळी, सपाट, ताटाएवढी. एका कडेला बटणांची रांग आणि पाठीतून निघालेली वायर. ती वायर कॉम्प्युटरला जोडली की मी जागी होते. माझ्याबरोबर एक पेन असतं, पण त्यात शाई नसते. माणसं ते पेन माझ्या अंगावर फिरवतात आणि चित्र उमटतं समोरच्या पडद्यावर. माझ्यावर काही म्हणजे काही उमटत नाही. काढणाऱ्याचे डोळे पडद्यावर आणि हात माझ्यावर. ज्या चित्रांसाठी मी अंग झिजवलं, त्यांतलं एकही मी पाहिलेलं नाही. हल्लीच्या पाट्यांना म्हणे स्वतःचा पडदा असतो. असेल बापडा.

मला कळतो तो हाताचा दाब. आणि ऐकू येतं. कान कुठे आहेत ते विचारू नका, सांगता येणार नाही. पण दाबावरून मला पुष्कळ कळतं हं. रागावलेला हात पेन रुतवतो. कंटाळलेला हात नुसता घसरत जातो. आणि ज्याला आपण काढतोय ती गोष्ट मनापासून आवडते, तो हात रेघेच्या शेवटी अलगद उचलला जातो. असे हात फार नसतात.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथलं एवढंच आठवतं की एका बाईने माझ्यावर पेन टेकवून चारी कोपरे तपासले, "चालते" म्हणाली आणि मला खोक्यात घातलं. आयुष्यातलं पहिलं कौतुक ते. 'चालते.' तेवढ्यावर मी पुढे बराच काळ समाधान मानलं.

तिथून मी आले वेष्टनं छापणाऱ्या एका दुकानात. बिस्किटांचे पुडे, साबणाची खोकी, खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवरचे कागद, सगळ्यांची चित्रं तिथे व्हायची. मला मिळाली खिडकीजवळची जागा आणि त्या जागेवर बसणारी मुलगी. तिचं कागदोपत्री नाव काहीतरी भारदस्त होतं, पण घरी तिला ठमी म्हणायचे, म्हणून मीही तिला ठमीच म्हणते. दुकानाचे मालक मागे उभे राहून सांगायचे, "बिस्किट असं काढ, असं काढ, की गिऱ्हाइकाने पुडाच चावला पाहिजे!" ठमी काढायची. लिंबाच्या साबणावर तिने काढलेलं लिंबू बघून मालकांच्या तोंडाला पाणी सुटलं होतं. "वा! पाटी चांगली आहे बरं का," ते म्हणाले. ठमीला नाही, मला! मी आठवडाभर फुगून बसले होते.

पण कौतुक काही कायम टिकत नाही, मित्रांनो. दुकानात पडदेवाल्या नव्या पाट्या आल्या. माझ्या अंगावर मधोमध एक गुळगुळीत चट्टा पडला होता, तिथे पेन सटकायचं. मालकांनी मला टेबलाखाली सरकवलं आणि म्हणाले, "ही भंगारात द्या."

"मी घरी नेऊ का हिला?" ठमीने विचारलं.

"ने की. तेवढीच जागा मोकळी होईल."

अशी मी ठमीच्या घरी आले, जुन्या वायरीसकट.

घर सगळ्यात वरच्या मजल्यावर, भाड्याचं. घरात ठमी आणि तिची आई. खोल्या लहान, पण स्वयंपाकघरातून दार उघडलं की छोटीशी गच्ची, आणि तिथे आईची झाडं. आईने आयुष्यात कुंडी अशी विकत घेतली नव्हती. तेलाचे डबे, फुटक्या बादल्या, रंगाचं रिकामं पिंप, हाताला लागेल त्यात ती माती भरायची. तोटी तुटलेल्या किटलीत पुदिना होता. टोमॅटोला मोडक्या छत्रीच्या काड्यांचा आधार दिला होता. सदाफुली, कोरफड, कडेचा गुलाब, आणि रंगाच्या पिंपात लिंबाचं झाड. ते लिंबू ताईचं. ताई म्हणजे ठमीची मोठी बहीण. शाळेत असताना तिने सरबतातली बी मातीत खुपसली होती, ती उगवली. झाड चांगलं कमरेच्या वर वाढलं, पण लिंबू म्हणून कधी धरलं नाही त्याने. आई त्याला अंड्यांची टरफलं घालायची आणि दटावायची, "खाऊन खाऊन नुसतं अंग धरतंयस मेल्या, काम नको करायला!"

ताई दूरच्या देशात होती, एका मोठ्या इस्पितळात परिचारिका. दोघी बहिणी सुट्टीच्या दिवशी फोन चालू ठेवून कॉम्प्युटरवर एक शेतीचा खेळ खेळायच्या. त्या खेळात दोघींचं मिळून एक शेत होतं. नांगरायचं, पेरायचं, पाणी घालायचं, पीक आलं की बाजारात न्यायचं. शेताच्या एका टोकाला ठमीची झोपडी, दुसऱ्या टोकाला ताईची. खेळतात कसल्या, गप्पाच जास्त. आई मधूनच दारातून ओरडायची, "तिकडे एकरभर शेत भिजवा दोघी, आणि इथे पुदिना तहानेने मरू दे!"

ताई फोनवरून हसायची. "आई, तुझा पुदिना आणू का आमच्या शेतात?"

"नको गं बाई. तुमच्यात तो टिकायचा नाही."

मी टेबलावर पडून ऐकायची. ते माझे सुखाचे दिवस होते. काम नव्हतं, पण घर भरलेलं होतं.

मग आई आजारी पडली. तापाचं निमित्त झालं आणि हां हां म्हणता सगळं हाताबाहेर गेलं. ताईला रजा मिळाली नाही. मिळाली तेव्हा उशीर झाला होता. ती आली, सगळं उरकलं, आणि परत निघायच्या आदल्या दिवशी दोघी आवराआवर करायला बसल्या. घरमालकाला घर परत हवं होतं. भांडी कुणाला, कपाट कुणाला, हे ठरत गेलं. गच्चीचं दार उघडून ताई म्हणाली, "आणि हे सगळं टाकून दे. कचरा आहे नुसता. कुठे नेणार आहेस एवढे डबे?"

ती तशी वाईट मनाने बोलली नव्हती. दमली होती. झोप नव्हती तिला. पण ठमीचाही बांध फुटला.

"कचरा? तुला काय गं कळणार? परक्यांच्या आयांची उस्तवारी करतेस तिकडे, आपल्या आईच्या वेळी कुठे होतीस?"

ताईने बॅगेची चेन ओढली. तो आवाज मला अजून आठवतो, मित्रांनो. दुसऱ्या दिवशी ती गेली. पुढे फोन यायचे, पण कसले ते फोन? "बरी आहेस ना?" "हो. तू?" "बरी." संपलं. खेळातल्या शेतात ताई परत फिरकली नाही.

ठमीला स्वतःच्या बोलण्याचा फार पश्चात्ताप झाला होता. माफी मागायला ती फोन हातात घ्यायची आणि ठेवून द्यायची. असल्या गोष्टी तोंडाने बोलायला तिला कधी जमलंच नाही. तिला जमायचं ते हाताने. मग एक दिवस तिने माझ्यावरची धूळ पुसली, वायर जोडली आणि आपल्याशीच म्हणाली, "आईची गच्ची ताईच्या दारात लावून देते. येईल मग ती."

ते कसं, सांगते. अशा खेळांत आपल्या पदरची भर घालता येते. त्याला मॉड म्हणतात. नवी घरं, नवी जनावरं, नवी झाडं, काहीही. फक्त त्यांची चित्रं आपण काढून द्यायची आणि खेळाला समजावून सांगायचं की हे झाड अमुक दिवसांत वाढतं, त्याला अमुक फूल येतं. ठमीने ठरवलं, गच्चीतलं एकूण एक झाड खेळात न्यायचं, डब्यासकट.

तुम्हाला वाटेल, त्यात काय मोठंसं? अहो, त्या खेळातलं झाड नखाएवढं असतं. मोजक्या ठिपक्यांत सगळं बसवायचं. ठमी पडद्यावर चित्र इतकं मोठं करायची की एकेक ठिपका फरशीएवढा व्हावा, आणि मग एकेक ठिपका रंगवायची. एक ठिपका इकडचा तिकडे झाला की कोरफडीचं अननस व्हायचं. पुदिना तर तिने किती वेळा पुसला असेल! "कोथिंबीर दिसतेय मेली," म्हणायची आणि पुन्हा सुरू. शिवाय एका चित्राने भागत नाही. कोंब वेगळा, रोप वेगळं, भरलेलं झाड वेगळं, फुललेलं वेगळं आणि पाणी न मिळाल्याने वाळलेलं वेगळं. सगळी ओळीने एका पट्टीत बसवायची. खेळातलं ऊन डावीकडून येतं, म्हणून प्रत्येकाची सावली उजवीकडेच पडली पाहिजे.

ती रोज एक डबा गच्चीतून उचलून आणायची, टेबलावर माझ्याशेजारी ठेवायची आणि त्याच्याकडे बघून काढायची. माझ्यावर माती सांडायची. किटलीतून पाणी गळून माझ्या बटणांत गेलं, त्यातलं एक बटण तेव्हापासून मुकं झालं. मी तक्रार केली नाही. तिचा हात रेघेच्या शेवटी अलगद उचलला जात होता. बिस्किटांच्या काळात तो कधी तसा उचलला गेला नव्हता.

पहिल्यांदा गुलाब खेळात लावला तेव्हा तो जमिनीपासून वीतभर वर हवेत तरंगायला लागला. चित्राच्या खाली तिने एक रिकामी ओळ सोडली होती म्हणे. आईच्या नंतर ठमी पहिल्यांदा हसली ती त्या तरंगत्या गुलाबाला. एकटीच खोखो हसली.

मग घर सोडायचा दिवस आला. नवी खोली एकच, खिडकी समोरच्या भिंतीवर उघडणारी. तिथे डबे कुठे ठेवणार? तळमजल्यावरचा शिंपी म्हणाला, "राहू द्या आमच्या मागच्या अंगणात. घालीन पाणी. त्यात काय?" भला माणूस. त्याने घातलंही असेल काही दिवस. पण लग्नाच्या कपड्यांचे ढीग पडल्यावर दुसऱ्याच्या पुदिन्याची आठवण कुणाला राहते? ठमी मध्ये एकदा बघायला गेली. परत आली ती तडक खुर्चीत बसली आणि वाळलेल्या झाडांची उरलेली सगळी चित्रं एका बैठकीत काढून टाकली. आता ती तिला नीट ठाऊक झाली होती. त्या दिवशी पेन इतकं हलकं टेकत होतं की मला अर्ध्या रेघा जाणवल्याच नाहीत.

म्हणजे आता गच्ची होती ती फक्त त्या चित्रांत. तुमच्या लक्षात येतंय ना?

राहिलं होतं लिंबाचं झाड. मोठं झाड ठमीने बघून काढलं होतं, पण त्याचा कोंब? लिंबू उगवलं तेव्हा ती रांगत असेल. ते बालपण फक्त ताईला ठाऊक. ठमीने बरेच आढेवेढे घेऊन फोन लावला.

"ताई, एक विचारू? तुझं लिंबू उगवलं तेव्हा कसं दिसत होतं गं?"



"हे काय मध्येच?"

"सहज. सांग ना."

"दोन पानं होती. एक किडीने कुरतडलेलं. मी रडले होते, मेलं म्हणून. आई म्हणाली, अगं एक कान फाटला म्हणून काय माणूस मरतं होय?" आणि ताई हसली. थोडीशीच, पण हसली. "का गं विचारतेस?"

"सांगेन नंतर. गंमत आहे."

फोन ठेवल्यावर ठमीने कोंब काढला. एक पान पूर्ण, एक कुरतडलेलं. मग तिने आणखी एक गोष्ट केली. त्या झाडाला तिने लिंबं काढली. पिवळीधमक. मोजक्या ठिपक्यांची. सगळ्या गच्चीत खोटं असं तेवढंच.

तिथेच ती सांगून मोकळी झाली असती तर किती बरं झालं असतं! पण तिला ताईचा चेहरा एकदम फुललेला बघायचा होता. म्हणजे ऐकायचा होता. ताई झोपडीचं दार उघडून बाहेर येईल आणि समोर किटली, छत्रीच्या काड्या, पिंप, सगळं जिथल्या तिथे. आणि लिंबाला लिंबं. म्हणून तिने सगळी झाडं ताईच्या दारात लावली आणि त्यांना रोज पाणी घालत बसली. लिंबाला तिने इतक्या सावकाश वाढायला लावलं होतं की विचारू नका. खऱ्याने वेळ घेतला, मग यानेही घ्यावा, असं तिचं म्हणणं. ऋतू बदलले खेळातले. ताई काही येत नव्हती, आणि ठमी बोलावत नव्हती. लिंबं धरू देत, मग बोलावू.

एकदा दुपारच्या सुट्टीत तिने दुकानातल्या कॉम्प्युटरवर आपलं शेत उघडून बघितलं. त्या कॉम्प्युटरवर तिचं मॉड नव्हतं, म्हणजे चित्रं नव्हती. आणि खेळाची खोड अशी, की चित्र सापडलं नाही तर त्या झाडाच्या जागी तो सरळ तण दाखवतो. घरी येऊन आरशासमोर केस विंचरत स्वतःलाच सांगत होती, "अगंबाई, सगळी गच्ची तण! आईला दाखवायला हवं होतं." तिला त्याची मौजच वाटली. ताई खेळात यायच्या आधी चित्रांची फाइल तिला पाठवायची आणि ती तिच्या कॉम्प्युटरवर टाकून घ्यायला लावायची, एवढं काम होतं. फाइल तयार होती. पण आधी पाठवली तर गंमत कळेल. म्हणून ती ऐन वेळी पाठवायची ठरली.

अखेर लिंबं पिकली. ठमीने ताईला निरोप धाडला, रविवारी सकाळी खेळात ये, तुला काहीतरी दाखवायचंय. ताईचं उत्तर आलं, "बरं." एवढंच, पण ठमीने ते मोठ्याने वाचलं. दोनदा वाचलं.

शनिवारी ती दोरीवर कपडे वाळत घालत होती. फोन वाजला. ताईचा! ताईने हल्ली आपणहून फोन करणं सोडूनच दिलं होतं. ठमीने ओल्या हाताने घेतला, आवाज मोठा केला आणि फोन माझ्या शेजारी ठेवून खुर्चीत बसली.

"ठमे, जेवलीस का?"

"जेवले. तू आज कशी काय? उद्या भेटायचं होतं ना?"

"म्हणून तर! म्हटलं, ही मला काहीतरी दाखवणार, मग आपण काय रिकाम्या हाताने जायचं? आज सुट्टी होती. सकाळपासून खेळातच बसलेय. शेत उघडलंस का तू?"

"नाही अजून."

"उघड ना, उघड. अगं, माझ्या दारात काय ते रान माजलेलं! पाय ठेवायला जागा नाही. म्हटलं, बिचारी एकटी कुठे कुठे बघणार? सगळं काढलं. एकूण एक. विळा घेऊन बसले होते. एक झुडूप तर इतकं चिवट, विळ्याने निघेचना. शेवटी कुऱ्हाड आणली."

ठमीचा डावा तळवा माझ्यावर होता, सवयीने. तो तिथेच राहिला. उजव्या हाताने तिने खेळ उघडला. शेताचं ते सुरुवातीचं संगीत वाजलं आणि थांबलं. मला काही दिसत नव्हतं, मित्रांनो. पण पडद्यावर काय आहे ते मला त्या तळव्यावरून कळलं. काहीच नव्हतं.

ताई बोलतच होती. "आईच्या गच्चीची आठवण झाली बघ. तिथे अशीच गर्दी असायची. खरं सांगू का ठमे? तण काढता काढता रडले मी. आईच्या वेळी माझ्या हातून काही म्हणजे काही झालं नाही. सगळं तू एकटीने केलंस. तू मला बोललीस ते चुकीचं नव्हतं. म्हटलं, निदान हिचं एवढं अंगण तरी साफ करून देऊ. किती दिवसांनी बरं वाटतंय गं मला आज. मोकळं मोकळं वाटतंय."

ठमी कॉम्प्युटरची बटणं दाबत त्या रिकाम्या अंगणात इकडून तिकडे फिरत होती.

"बोल की काहीतरी. आवडलं नाही का?"

सांग तिला! मी आतल्या आत ओरडत होते. सांग ना गं, ते तण नव्हतं, आईची गच्ची होती! पण माझं ओरडणं कुणाला ऐकू जाणार? ठमीचा तळवा माझ्यावर दाबला गेला. इतका दाब मी आयुष्यात कधी सोसला नव्हता. मग तो हळूहळू सैल झाला.

"आवडलं तर," ठमी म्हणाली. "छान केलंस ताई. किती मोकळं दिसतंय."

"दिसतंय ना? आणि तू काय दाखवणार होतीस?"

"काही नाही गं. हेच. म्हणणार होते, तुझ्या दारात तण माजलंय, ये, दोघी मिळून काढू."

"बघ! न सांगता कळलं की नाही मला? बहीण कुणाची आहे!"

आणि दोघी हसल्या. ठमीसुद्धा. ते हसणं मला ऐकवेना.

शेवटी ताई म्हणाली, "आता माझं खेळात येणं काही जमायचं नाही हं. नवा वॉर्ड मिळालाय, पाळ्या कशाही लागतात. म्हणून म्हटलं, जाता जाता दार तरी स्वच्छ ठेवून जावं."

"हो ना. बरं झालं."

तुम्ही म्हणाल, त्यात एवढं काय? चित्रं तर आहेत, पुन्हा लाव. मीही तेच म्हणत होते. पण लावायची कुणासाठी? जिच्या दारात लावायची ती तर निरोप घेऊन गेली. आणि तिला खरं सांगायचं तर तिच्या तोंडावर सांगायचं, की बाई गं, आईचं जे काही शेवटचं उरलं होतं ते तू आपल्या हाताने विळा घेऊन कापलंस. एवढ्या दिवसांनी तिच्या मनावरचं ओझं उतरलं होतं. ते ठमीने परत कसं ठेवायचं? ठमीने नाही ठेवलं. मी तिला दोष देत नाही. पण मला ते पटलेलंही नाही.

त्यानंतर तिने माझ्यावर काही काढलं नाही. एकदा पेन हातात घेतलं, टेकवलं, तसंच धरून बसली आणि खाली ठेवलं. मग माझी वायर काढून मलाच गुंडाळली आणि मला कपाटाच्या वर ठेवलं, जुन्या उशांच्या अभ्र्यांखाली. पेनाचं टोक कधीच झिजून गेलंय. आता नव्या कॉम्प्युटरला मी कळतही नाही म्हणे, माझ्यासारख्यांशी बोलायची त्यांची भाषा बदलली. मला परत कुणी खाली काढेल असं वाटत नाही. आशा ठेवावी, असं पुस्तकांतून सांगतात. मी ठेवलेली नाही.

फक्त एवढं सांगते, मित्रांनो, म्हाताऱ्या पाटीचं ऐकणार असाल तर. दुसऱ्याच्या जागेत शिरून काही उपटायच्या आधी विचारा, हे काय आहे, कुणी लावलंय. तुम्हाला ते तण दिसत असेल, तरी विचारा. आणि कुणासाठी जीव ओतून काही करत असाल, तर गंमत म्हणून ते झाकून ठेवू नका. वेळेवर सांगा. माफी मागायची असेल तर तोंडाने मागा. वेडीवाकडी मागा, रडत मागा, पण मागा. चित्रं पाहायलाच कुणी आलं नाही, तर ती कुणाची माफी मागणार?

ताईचा फोन आता अधूनमधून येतो. चांगल्या मोकळ्या बोलतात दोघी. फोन ठेवता ठेवता ताई कधी विचारते, "आणि आपलं शेत कसं आहे गं?"

"स्वच्छ आहे," ठमी सांगते.